थिएटरवाल्यांनी लावलेले दिवे

अमेरिकेच्या एक दिवस आधी, १ मे २०२५ लाच मार्व्हलचा सुपरहिरोवाला पिक्चर ‘थंडरबोल्ट्स’ आपल्याकडे लागला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे कोथरूडचं मल्टिप्लेक्स भरलेलं. शेजारी नातवाला घेऊन आलेले एक काका. राष्ट्रगीत संपून आम्ही बूड टेकतोय तोच त्यांनी विचारलं, “अहो, यात हिरो कोण?”

“तसा कुणीच नाही. सगळे थोडे वाया गेलेले आहेत.”

“मग साडेतीनशे रुपये कशाचे घेतले?” एवढं म्हणून त्यांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं. “आणि बाहेर पोस्टरवर नावापुढे चांदणी आहे. म्हणजे अटी लागू.”

नातवाने कपाळाला हात लावला. पण काकांचं म्हणणं सपशेल बरोबर निघालं, कारण पिक्चर संपताना नावच बदलतं आणि ही मंडळी मार्व्हलच्या सगळ्यात नावाजलेल्या सुपरहिरो टोळीचे वारस, म्हणजे ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ होतात. हे गुपित निर्मात्यांनी महिनोन्‌महिने जपलं होतं. काकांनी ते जाहिराती चालू असतानाच फोडलं.

मग एकेकाची चौकशी सुरू झाली. हा वॉकर कोण? म्हटलं, याला सरकारने कॅप्टन अमेरिकाची ढाल दिली होती. त्याने तिनेच भर चौकात एकाचा जीव घेतला, म्हणून काढून घेतली.

“म्हणजे सस्पेंड?”

“बडतर्फ.”

“पेन्शन?”

“तीही गेली.”

“अरेरे!” संपूर्ण पिक्चरमध्ये काकांना खरा कळवळा आला तो इथे.

बकी आधी मारेकरी होता आणि आता खासदार आहे, हे मात्र त्यांनी “असणारच” म्हणून ताबडतोब मान्य केलं. यांच्यातलीच एक, टास्कमास्टर, पोस्टरवर ऐटीत उभी. पडद्यावर येते न येते तोच गोळी लागून गेली. काका माझ्याकडे वळले. “अटी लागू,” मीच म्हणालो.

या टोळीत एकालाही उडता येत नाही. टोळीचं नाव कुठलं, तर यांच्यातली येलेना लहानपणी ज्या फुटबॉल टीममध्ये होती तिचं, आणि त्या टीमने एकही मॅच जिंकलेली नाही. मला विचाराल तर पिक्चरची सगळी गंमत यातच आहे. शेवटी बॉब नावाच्या, अचाट ताकदीच्या पण मनाने खचलेल्या माणसाच्या आतल्या काळोखाला हे लोक ठोसे मारून नाही, त्याला कवटाळून आवरतात. माझा गळा दाटून आला होता. उजवीकडून आवाज आला, “मिठीच मारायची होती तर इंटर्व्हलच्या आधी मारायची!”

इंटर्व्हलवरून आठवलं. हॉलिवूडवाले पिक्चर इंटर्व्हल धरून बनवत नाहीत. तो इथे थिएटरवाला घालतो, समोशांचा हिशेब बघून, आणि वाक्य अर्धं तुटलं तरी त्याला सोयरसुतक नसतं.

तेही चालवून घेतलं असतं. पण नामावली सुरू झाली आणि सगळे दिवे भक्‌कन लागले. हा गलथानपणा टाळणं काही अवघड नाही. पिक्चर सर्व्हरवरून चालतो, प्लेलिस्टमध्ये दिव्यांची वेळ भरून ठेवता येते. नामावली कुठे सुरू होते याची खूण डिजिटल कॉपीतच घालायची सोय आहे. त्या खुणेवर पायऱ्यांपुरते मंद दिवे लावायचे आणि छताचे शेवटची फ्रेम गेल्यावर, बस. हे लोक पहिल्याच खुणेवर सगळे ठोकतात. पडद्याचा उजेड ठरलेला असतो, १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेड मोजायचं माप). त्यात छताचे दिवे मिसळले की काळ्याचा राखाडी होतो. आणि अगदी शेवटच्या, जवळजवळ तीन मिनिटांच्या सीनमध्ये काय आहे? अंतराळ! काळ्याकुट्ट अंतराळातून ‘४’ आकड्याचं, म्हणजे मार्व्हलच्याच ‘फॅन्टास्टिक फोर’ टोळीचं यान येतं, ते मला धुतलेल्या बनियनवर छापल्यासारखं दिसलं. मधे झाडूवाल्या मावशी, हातात काळी पिशवी. त्यांची चूक नाही. पुढचा शो वीस मिनिटांवर. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून मार्व्हल नामावलीनंतर सीन ठेवतंय. अजून किती वर्षं कळायला हवीत?

मॅनेजरला विचारलं. “सर, नामावलीला निम्मं पब्लिक उठून जातं.”

“दिवे लागतात म्हणून उठतं!”

“नाही सर, उठतं म्हणून लावतो.”

यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका मला बाजूला सारून पुढे झाले आणि विचारते झाले, “ते राहू द्या. पार्किंगचे चाळीस वेगळे कशाबद्दल?”