आधी डबी उलटी करा

"केमिकलवालं काही नको, हे हर्बल आहे," असं म्हणत पक्याने डबी संज्याच्या मेडिकलच्या ओट्यावर ठेवली आणि आमच्या कट्ट्यावरचा कालचा वाद सुरू झाला. त्याच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलंय. पार्लरवाल्या बाईंनी तिला ही क्रीम दिलेली. पांढरी डबी, सोनेरी झाकण, झाकणावर पान छापलेलं आणि चेहरा आठ दिवसांत उजळेल असा तोंडी भरवसा.

स्मिता अंबड एमआयडीसीत सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. तिने झाकणाकडे पाहिलंच नाही. डबी उलटी केली, कडेने फिरवली आणि विचारलं, "बनवली कोणी?"

"अगं, छोटी डबी आहे. त्यावर किती लिहिणार?"

पक्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे स्मितानेच सांगितलं. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे घटकांची यादी छापावी लागते, पण 30 ग्रॅमपेक्षा कमी क्रीमला त्यातून सूट आहे. "पण बनवणाऱ्याच्या नावाला सूट नाही. उत्पादन परवान्याचा नंबर हवा. बाहेरून आलेली असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यावर यातलं काही आहे का, दाखव."

काहीच नव्हतं. एक्सपायरीही नव्हती.

"मग काय झालं? गुण तर येतोय. चार दिवसांत फरक दिसतोय," पक्या म्हणाला.

"म्हणूनच भीती वाटते," स्मिता म्हणाली. "त्यात पारा असू शकतो."

कट्ट्यावरच्या नानांना हे पटेना. पारा थर्मामीटरात असतो, क्रीममध्ये कशाला कोण घालेल? स्मिताने समजावलं ते मला नीट कळलं, म्हणून इथे लिहितो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, आणि त्या एन्झाइमला तांबं लागतं. पाऱ्याचे क्षार ते काम बंद पाडतात. रंग झटपट उतरतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि मैत्रिणींना सांगतं. पारा मात्र त्वचेवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. उशी, टॉवेल, मांडीवरचं मूल, सगळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून आपल्याकडे प्रसाधनांत पारा घालायला बंदीच आहे. नकळत आलेला अंश फार तर दहा लाखांत एक भाग चालतो.

"हे सगळं परदेशात," पक्या म्हणाला.

"अकोल्यात," संज्या आतून म्हणाला. 2023 च्या सुरुवातीला बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी अशीच गोरं करणारी क्रीम लावत होत्या आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ती क्रीम तपासली, तर पारा मर्यादेच्या हजारो पट निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही हेच पाहिलं. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 15 रुग्ण, त्यातले 13 जण उजळपणाच्या क्रीम लावणारे.

पक्या गप्प झाला, पण नाना सुरू झाले. "म्हणून म्हणतो, घरचं ते बरं. डाळीचं पीठ, साय, लिंबू."

पीठ आणि साय चालेल, असं स्मिता म्हणाली. लिंबावर मात्र तिने त्यांना अडवलं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, कारण रसातली काही द्रव्यं उन्हाशी प्रतिक्रिया करतात. झाडावरून आलं म्हणून ते सौम्य ठरत नाही. नानांना ते आवडलं नाही. त्यांच्या आईने आयुष्यभर लिंबू लावलं म्हणे. इथे दोघांचं जमलं नाही आणि जमणारही नव्हतं.

मग नानांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "यादी छापली तरी आम्हाला काय कळणार? सगळी नावं जिभेला न वळणारी."

संज्याने रॅकवरून एक कोरफडीचं जेल काढून दिलं. पुढे हिरवं पान, मोठ्या अक्षरांत 'ॲलोव्हेरा'. स्मिताने मागची यादी बोट ठेवून वाचली. पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग जेल घट्ट करणारं द्रव्य. बऱ्याच खाली फिनॉक्सीइथेनॉल आणि त्याच्याही खाली कोरफडीचा अर्क. नियम असा आहे की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि एक टक्का किंवा कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि ते जास्तीत जास्त एक टक्काच घालता येतं. म्हणजे त्याच्यानंतर जे लिहिलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढचं पान ज्या कोरफडीचं, ती बाटलीत नावापुरती.

"ही फसवणूकच झाली," नाना म्हणाले.

"कायद्याने नाही. आणि जेल वाईटही नाही, ग्लिसरीन त्वचा मऊ ठेवतं. फक्त पैसे कोरफडीचे घेतात." स्मिता हे शांतपणे बोलली, पण मला राग आला आणि अजून आहे. जे पुढच्या बाजूला ठळक छापतात त्याची टक्केवारी तिथेच छापायला लावली पाहिजे.

'पॅराबेन फ्री'चा विषय पक्याने काढला, तो लवकर मिटला. पॅराबेन हेही टिकवण्यासाठीच घालतात. पॅराबेनच्या भीतीने अनेकांनी मेथिलआयसोथायझोलिनोन नावाचं दुसरं टिकवणारं द्रव्य वापरायला घेतलं आणि त्याने ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की युरोपने 2017 पासून ते लावून ठेवायच्या क्रीममधून हद्दपार केलं. पाणी असलेल्या क्रीममध्ये बुरशी होऊ नये म्हणून काहीतरी लागतंच.

एवढ्यात एक कॉलेजची मुलगी आली. मोबाइलवर ट्यूबचा फोटो दाखवून म्हणाली, "ही द्या." संज्याने चिठ्ठी मागितली. नव्हती. "मैत्रीण लावते, तिला छान गुण आलाय." संज्याने नाही म्हटल्यावर ती सरळ पलीकडच्या दुकानाकडे वळली.

मग संज्याने तसली ट्यूब आतून आणून दाखवली. या ट्यूबवर सगळं लिहिलेलं असतं, अगदी टक्क्यांसकट: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. टक्के लिहिलेत, लाल रेघ आहे, आरएक्स ही चिठ्ठीच्या औषधाची खूण आहे, म्हणजे हे औषध आहे. वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांवर, डॉक्टर थोडे आठवडे देतात ते. लोक मात्र वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीम म्हणून चोपडतात. यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, बायकांच्या गालावर लव वाढते. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतात आणि सुटत नाही. नायट्यावरही असलीच मिश्र मलमं लावतात. खाज थांबते आणि नायटा पसरतो.

"वाचायचं ते एवढंच वाचा," संज्या नानांना म्हणाला. "नावाच्या शेवटी 'सोन' आलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, किंवा क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन दिसलं, की ते बहुतेक वेळा स्टिरॉइड. डॉक्टरशिवाय तोंडाला लावायचं नाही."

"मग सरकार काय करतंय?" नाना.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे 2018 साली सरकारने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. कागदावर. संज्याचं दुखणं तिथेच होतं. "मी नाही दिलं तर पलीकडचा देतो. दिवसाला अशी किती गिऱ्हाइकं घालवू?"

"सगळी," स्मिता म्हणाली.

"तुला पगार मिळतो, म्हणून बोलणं सोपं आहे."

हे जरा लागलं. पण संज्याने त्या मुलीला ट्यूब दिली नाही, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि माझ्या लेखी त्याचं पारडं त्या क्षणी स्मितापेक्षा जड होतं.

पक्याने तेवढ्यात बहिणीला फोन लावला होता. ती डबी संपत आलेली होती, आईनेही लावली होती. स्मिताने पटापट सांगितलं. दोघींनी क्रीम आजपासून बंद करायची. लघवीतलं प्रथिन तपासायचं, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज आहे का पाहायचं, आणि रिपोर्ट काहीही येवो, डबी घेऊन डॉक्टरकडे जायचं. आत स्टिरॉइडही असू शकतं. बंद केल्यावर आग झाली तर घाबरून परत लावायची नाही, त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं. आणि डबी फेकायची नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीला लागेल.

तक्रारीवर पक्या अडला. पार्लरवाल्या बाई त्यांच्याच सोसायटीतल्या, लग्नाचा मेकअपही त्याच करणार. "लग्न होऊ दे, मग बघू."

"तोवर ती अजून किती जणींना देईल?" स्मिताने विचारलं. पक्या म्हणाला की बिचाऱ्या बाईंनाही आत काय आहे ते ठाऊक नसेल, त्यांनी कुठल्या तरी एजंटाकडून घेतली असेल. तेही खरंच. नाना म्हणाले, मग आधी बाईंकडेच जाऊ, एजंटाचा नंबर घेऊ आणि तक्रारीत तोच लिहू. पक्याला हे चाललं. डबी पिशवीत घालून तो उठला, नानाही उठले, आणि दोघं तसेच सोसायटीकडे निघाले.