'चोचले' या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण हात थरथरत होते म्हणून थांबले. आज शांतपणे लिहिते आहे, निदान तसा प्रयत्न आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'कार्तिक सरता सरता' या लेखात मी एवढंच सुचवलं होतं: दिवाळीचा आकाशकंदील भाऊबीज झाली की लगेच उतरवू नये, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहू द्यावा. तुळशीच्या कुंडीला गेरूचा हात द्यावा. गोधड्या उन्हात टाकून त्याच दिवाणावर अंथराव्यात, नवे अभ्रे आणायची गरज नाही. परातीत आवळे ठेवावेत. आणि हवेत गारवा आला की भरीत, बाजरीची भाकरी, लसणाची पात, मोरावळा हे सगळं पानात यावं.

त्यावर तुम्ही लिहिलंत: "हे सगळे घरी बसलेल्या बायकांचे चोचले आहेत. आमच्यासारख्यांना ना वेळ परवडतो ना पैसा." त्यापुढे वांग्याबद्दल, मोजमापाबद्दल, झेंडूच्या माळांबद्दल आणि ही कामं शेवटी कोणाच्या गळ्यात पडतात याबद्दलही लिहिलंत. त्याकडे येते. पण आधी या पहिल्या वाक्याबद्दल बोलू द्या, कारण बाकीचं सगळं मी एका बाजूला ठेवू शकते, हे नाही.

मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. गेल्या वर्षी मोरावळ्यात साखर की गूळ यावरून इथे दोन आठवडे वाद चालला आणि मी एकही प्रतिक्रिया काढली नाही. पण मत मांडणं वेगळं आणि समोरच्या बाईला न बघता, न विचारता तिला एका खुर्चीत नेऊन बसवणं वेगळं. मी घरी बसलेली आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी डोंबिवलीत राहते, सकाळी सव्वासातची लोकल पकडते आणि घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. सत्तावीस वर्षं हेच चाललं आहे. लेखातला गेरूचा फोटो रविवारचा आहे. आणि समजा, असते घरी बसलेली, तरी काय? घरी असलेली बाई दिवसभर काय करते हे एका बाईनेच दुसरीला विचारावं, याचं जास्त वाईट वाटलं.

आता 'चोचले'. हा शब्द कोणासाठी वापरतात हे तुम्हाला माहीत आहे. खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांसाठी. ताई, मी हे सगळं कुठे शिकले ते सांगते.

लालबागला चाळीत आमची दहा बाय बाराची खोली होती. आम्ही सहा माणसं. वडील गिरणीत, आई पाच गिरणी कामगारांना जेवण घालायची, घरगुती खाणावळच ती. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात माझे वडील आणि आईचे पाचही खाणावळवाले. म्हणजे एका दिवसात घरातली दोन्ही मिळकती बंद. मी तेव्हा दहा वर्षांची होते. उन्हाळ्यात वडील गावी गेले, पुरंदर तालुक्यात, भावाच्या शेतावर राबायला. तशी निम्मी चाळ गावी गेली होती.

त्या वर्षीचा कार्तिक मला दिवसागणिक आठवतो. संपाला दहा महिने झाले होते. नवे कपडे नव्हते, फराळात चिवडा आणि शंकरपाळे एवढंच. पण आईने माळ्यावरून जुन्या कंदिलाचा कामट्यांचा सांगाडा काढला, त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटवला आणि तो गॅलरीत टांगला. भाऊबीज झाल्यावर शेजारणी आपापले कंदील उतरवायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, "कार्तिकभर आकाशदिवा लावतात, आपला राहू दे." आत बल्ब लावायचा नाही, विजेचं बिल होतं. संध्याकाळी तासभर पणती. तो कंदील पौर्णिमेपर्यंत राहिला. मी लेखात लिहिलं ते हेच. ते मासिकातून उचललेलं नाही.

आमची तुळस डालड्याच्या डब्यात होती. पत्रा गंजला होता. तुळशीच्या लग्नाआधी आईने रांगोळीवाल्याकडून गेरूची पुडी आणली, पाण्यात कालवली आणि नारळाच्या शेंडीने डब्याला दोन हात दिले. वाळल्यावर पांढऱ्या रांगोळीने स्वस्तिक. गेरू म्हणजे लाल माती, त्यातल्या लोहाचा तो रंग. आजही ती सगळ्यात स्वस्त सजावट आहे. मागच्या वर्षी मी वीस रुपयांची पुडी आणली, त्यातली अर्धी उरली आहे. आणि ऊस? मंडपाला चार लागतात. आमच्या मजल्यावर मिळून एकच ऊस आणला, त्याचे चार तुकडे केले आणि चार घरांच्या तुळशींची लग्नं त्याच चार तुकड्यांत एकामागून एक लागली. बोर, भाजी, आवळा, कृष्णदेव सावळा म्हणत आम्ही मुलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळत होतो. लग्नानंतर ते तुकडे आम्हीच खाल्ले.

याला तुम्ही चोचले म्हणणार असाल, तर माझ्याशी नाही, माझ्या आईशी बोलता आहात. ती आता नाही.

खाण्याचंही तेच. वडिलांनी गावाहून एसटीने बाजरीचं पोतं पाठवलं. पुरंदरचा तो कोरडा पट्टा, बाजरी खरिपाची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती काढून-झोडून होते आणि कार्तिकात नवी बाजरी घरात येते. म्हणून थंडीत बाजरी. ती उष्ण म्हणून खातात हे खरंच, पण मुळात ती तेव्हा घरात असते. लेखात मी 'दोनच किलो दळून आणा' असं लिहिलं त्यावर तुम्ही 'एवढे हेलपाटे कोण घालणार' असं विचारलंत. अहो, बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते पीठ आठवड्या-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं. मोठा डबा भरून ठेवला की शेवटी टाकावं लागतं. ज्या घरात पोतंभर बाजरीवर वर्ष काढायचं होतं, त्या घरात दोन किलोच दळत. डबा घेऊन पिठाच्या गिरणीत मीच जायचे. हेलपाटा हा पैसे वाचवण्यासाठी होता.

भाकरीचं पीठ उकळत्या पाण्याने मळायला सांगितलं त्यालाही असंच कारण आहे. गव्हासारखा चिकटपणा बाजरीत नसतो. गरम पाण्याने पीठ धरून राहतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. ही काही मी लेख सजवण्यासाठी घातलेली ओळ नाही.

आता तुमच्या वांग्याच्या मुद्द्याबद्दल. तो बरोबर आहे आणि मी तो मान्य करते. कार्तिकातल्या पदार्थांत मी भरीत टाकलं. ज्या घरांत चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य असतं, त्यांतल्या पुष्कळ घरांत ते कार्तिकी एकादशीनंतरही लगेच खात नाहीत. चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांगं पानात येतं. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, माझ्या आईनेही त्याआधी वांग्याला हात लावला नाही. त्या संपाच्या वर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, बाजार उठता उठता, तिने वांग्यांचा शेवटचा वाटा उचलला होता. शेगडीच्या निखाऱ्यावर आधी वांगी भाजली, मग त्याच राखेत रोडगे पुरले. खंडोबाची तळी, म्हणजे खोबरं-भंडाऱ्याचं ताम्हन, गजर करत उचलायला घरात पाच पुरुष नव्हते, म्हणून चाळीतली पाच पोरं बोलावली. ताम्हनात खोबरं आणि भंडारा, आणि येळकोट येळकोट असा काही गजर झाला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. हे सगळं ठाऊक असून मी भरीत महिनाभर आधी लिहिलं, ही चूक झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. पण ही चूक 'तुम्हाला आपल्या परंपरा माहीतच नाहीत' असं म्हणण्याइतकी होती का, हे तुमचं तुम्ही ठरवा. खानदेशात चंपाषष्ठीची वाट न पाहता थंडी पडली की शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. जळगावची ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचतात, वर कांद्याची पात आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. त्या लोकांनाही परंपरा माहीत नाहीत असं तुम्ही म्हणाल का?

बाकीचे मुद्दे मी लांबवत नाही. झेंडूच्या वाळलेल्या माळांना किडे होतात: होतात, म्हणूनच 'पूर्ण वाळवून पाकळ्या मोकळ्या करा' असं लिहिलं होतं, ते वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं असावं. मोरावळ्यात मोजमाप नाही: आवळ्याच्या आंबटपणावर साखर ठरते, चाखून घाला. फोटोतली परात पितळेची आहे आणि सगळ्यांकडे पितळ नसतं: मग स्टीलच्या परातीत ठेवा, आवळ्याला फरक पडत नाही. आमच्याकडे तेव्हा जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची होती.

आणि ही कामं शेवटी बायकांच्याच गळ्यात पडतात, हा तुमचा मुद्दा. आमच्या घरी कंदील माझा नवरा लावतो आणि गोधड्या गच्चीवर मुलगा नेतो. तुमच्या घरी कोण काय करतं ते मी कसं सांगणार? तो तुमच्या घरातला प्रश्न आहे, माझ्या लेखातला नव्हे. लेख सणांचा आणि स्वयंपाकाचा होता. प्रत्येक पाककृतीखाली कोणी काय करावं याची वाटणी मी लिहू शकत नाही, आणि लिहिली असती तर त्यावरही कोणीतरी मला शिकवायला आलंच असतं. हे जरा कडक झालं. राहू दे, मनात आहे तेच लिहिलं.

एक मात्र खरं की शेवटच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंत, तुमची आईसुद्धा गोधड्या शिवायची आणि त्या टाकून देताना तुम्हाला रडू आलं. तेवढी ओळ मी तीनदा वाचली. तिथून सुरुवात केली असतीत तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं. माझ्या आईची एक गोधडी अजून आहे, तिच्या दोन लुगड्यांची आणि वडिलांच्या एका धोतराची. धावदोऱ्याचे टाके दोन ठिकाणी उसवले आहेत. ती मी या रविवारी उन्हात टाकणार आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. भरिताची पाककृती आता मार्गशीर्षाच्या भागात हलवली आहे आणि तिच्याखाली 'एका वाचक ताईंनी चूक दाखवली' असं लिहिलं आहे. तुमच्या बाजूने 'चोचले' एवढा एक शब्द मागे घेतलात तर मला बरं वाटेल.