तवा तपना नही : पिटा ब्रेडच्या फॉरवर्डला उत्तर

महिन्याभरात तो मेसेज मला चार ग्रुपांवर आला. माहेरच्या, सासरच्या, भिशीच्या आणि सोसायटीच्या. वर शीर्षक, 'पिटा ब्रेड घरी करण्याचा नाद सोडा', आणि खाली जोडलेले हात. (पिटा म्हणजे आत पोकळी असलेली, आंबवलेली गोल रोटी.) मजकूर थोडक्यात असा : पिटाला भट्टीच लागते, घरच्या तव्यावर तो फुगत नाही. फुगतो तो यीस्टमुळे, आणि यीस्ट म्हणजे केमिकल, ते पोटात गेल्यावरही फुगत राहतं. मैद्याशिवाय पिटा होत नाही, आपल्या गव्हाचं ते काम नाही. कणीक दोन तास उबदार जागी ठेवावी लागते, एवढा वेळ कोणाला आहे? झटपट हवा असेल तर दही-सोडा घाला, एकच गोष्ट. आणि इतकं करून दुसऱ्या दिवशी त्याचं चामडं होतं.

सगळंच खोटं असतं तर डिलीट करून मोकळी झाले असते. पण यात खरं आणि खोटं असं कालवलंय की वाचणाऱ्या बाईला वाटतं, जाऊ दे, आपल्याला नाही जमणार. म्हणून लिहितेय.

आधी भट्टीचं बघू, कारण सगळ्यात जास्त घाबरवतं ते हेच. पिटाच्या पोटात पोकळी तयार होते ती वाफेने. ५०० ग्रॅम पिठात आपण ३०० ते ३२५ मिली पाणी घालतो. लाटलेली चकती सणसणीत तापलेल्या जागेवर पडली की वरचा आणि खालचा पापुद्रा पटकन धरतो आणि आतलं पाणी उकळायला लागतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. पापुद्रा अखंड असेल तर तिला बाहेर पडायला वाट नसते. मग ती दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सोडवते आणि पिटा टम्म होतो. फुलक्यात दुसरं काय होतं? फुलक्यात तर यीस्टचा कणही नसतो. रोज सकाळी डब्यासाठी वीस फुलके फुगवणाऱ्या बाईला कोणी सांगावं की तुला पिटा फुगवता येणार नाही, याचं मला नवल वाटतं. पाव इंच जाडीचा, आंबवलेला फुलका, एवढंच तर ते प्रकरण आहे.

म्हणजे गरज आहे ती उष्णतेची. भट्टी ती सहज देते, हे कबूल. घरचा ओव्हन २५० अंशांवर ठेवून आतला लोखंडी ट्रे वीस-पंचवीस मिनिटं तापवला तर तोही देतो, आणि दोन-तीन मिनिटांत पिटा होतो. लोखंडी तवाही देतो. पण 'तापलेला' म्हणजे किती, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्यांनी आयुष्यात पिटा खाल्लेला नव्हता.

गोष्ट आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीची. अमळनेरचं ऊन, स्वयंपाकघराच्या दारात कूलर लावलेला, आणि मी ओट्यावर दहा चकत्या लाटून मांडलेल्या. पहिला पिटा तव्यावर टाकला, तो पापडासारखा पडून राहिला. दुसऱ्याला दोन फोड आले आणि बसला. तिसरा कडेने चिरला आणि सगळी वाफ तिथून फुस्स झाली. मी गॅस कमी-जास्त करत बसले. सासूबाई पारोळ्याच्या, मातीच्या खापरावर मोठाल्या पातळ पोळ्या, म्हणजे मांडे, करण्यात हात बसलेला. दारात कैऱ्या चिरत बसल्या होत्या, तिथूनच अहिराणीत म्हणाल्या, "तुना तवा तपना नही." तुझा तवा तापला नाही.

उठल्या, ओल्या बोटांनी तव्यावर थेंब उडवले. थेंब चरचरला आणि बसल्या जागी आटला. "हाऊ कच्चा शे," म्हणाल्या, हा कच्चा आहे. मोठ्या आचेवर आणखी पाचेक मिनिटं गेली, पुन्हा थेंब उडवले, तर ते मोत्यांसारखे तव्यावर पळत सुटले. मग म्हणाल्या, आता टाक. त्याआधी त्यांनी कूलरचं तोंड फिरवलं आणि चकत्यांवर ओला पंचा घातला. कूलरच्या वाऱ्याने चकत्यांची वरची कातडी सुकली होती. सुकलेली कातडी ताणली जात नाही, फाटते, आणि फाटली की वाफ निसटते. चौथा पिटा पहिल्या बाजूने अर्धा मिनिट, उलटून मिनिटभर, पुन्हा उलटून कापडाने हलकेच दाबला, तर मधून उठत उठत पार कडेपर्यंत फुगला. मी आनंदाने चिमट्याने उचलायला गेले आणि भोक पाडलं, ती वेगळी कथा. (चिमटा नकोच. उलथनं वापरा.)

खापरावर मांडे करणाऱ्या बाईला हे सगळं माहीत असतं. चुलीवर पालथं घातलेलं खापर पुरतं तापल्याशिवाय ती मांड्याला हात लावत नाही. लेबनॉन-पॅलेस्टाईनकडे साज नावाचा घुमटासारखा लोखंडी तवा असतो. त्यावर पिटा नाही, हातभर पसरलेली पातळ रोटी भाजतात. फोटोत तो पाहिला तेव्हा मला वाटलं, हे तर आपलं खापर, कुंभाराऐवजी लोहाराकडून आणलेलं. तिकडच्या बायका आणि आपल्या बायका शेजारी शेजारी बसवल्या तर भाषेवाचून अडणार नाही.

आता यीस्ट. फुगवण्याचं काम वाफेचं, हे वर आलंच. मग यीस्ट कशाला? चव आणि मऊपणा यासाठी. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड सोडते, त्याने कणकेत बारीक जाळी पडते आणि तो आंबूस-गोडसर वास येतो. बाजारात मिळतात ते दाणे म्हणजे तीच बुरशी वाळवलेली. पोटात फुगत राहणं हा तर शुद्ध विनोद आहे. ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, आणि पिटा फुगायला आतलं पाणी १०० अंशांवर उकळावं लागतं. म्हणजे पिटा फुगतो तेव्हा आतलं यीस्ट मेलेलं असतं. केमिकलची भीती वाटणाऱ्यांनी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी आठवावी. दिवसेंदिवस भिजवून आंबवतो आपण ती. इडलीचं पीठ, जिलबीचं खमीर, तेही तसंच. डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कामाला आहेत, फक्त त्यांना पाकीट नव्हतं. ज्यांच्याकडे धर्माने आंबवलेलं चालत नाही त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांनी करू नये. पण कारण खरं सांगावं.

प्रमाण मात्र पाळा. ५०० ग्रॅम पिठाला ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट हे झालं पुस्तकी माप, आणि उन्हाळ्यात तर त्याच्या निम्मंही पुरतं. जास्त घातलं म्हणून जास्त फुगत नाही, वास मात्र येतो.

इथे दोन तासांचा मुद्दा आधीच घेते, कारण खानदेशात हा सल्ला नुसता चुकीचा नाही, नुकसान करणारा आहे. 'उबदार जागी दोन तास' हे जिथे लिहिलं गेलं तिथे बाहेर थंडी असणार. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. तिथे उबदार जागा शोधायची नसते, तिच्यापासून पळायचं असतं. माझी कणीक मेमध्ये पाऊण तासात दुप्पट झाली. दोन तास ठेवली असती तर आंबून खाली बसली असती आणि लाटताना परातीला चिकटली असती. म्हणून उन्हाळ्यात माठातलं गार पाणी आणि निम्मं यीस्ट. डिसेंबरात कोमट पाणी, आणि वेळ लागेल तेवढा. घड्याळाकडे बघू नका, कणकेकडे बघा. दुप्पट झाली, बोट खुपसलं तर खड्डा सावकाश भरतो, की झाली. आणि त्या वेळात तुम्ही परातीसमोर बसून राहात नाही ना? माझं तेवढ्यात धुणं होतं.

मैद्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. मैद्याचा पिटा जास्त मऊ होतो, लाटायला सोपा जातो. कारण कोंड्याचे कण कणकेची ताण कमी करतात. पण इजिप्तमध्ये रोज खाल्ली जाणारी ऐश बलादी ही पोकळीवालीच रोटी आहे, आणि ती कोंडा असलेल्या तपकिरी पिठाची असते. 'ऐश' या शब्दाचा तिथे रोटी हाही अर्थ आणि जगणं हाही. ज्या देशाने भाकरीला जगण्याचं नाव दिलं त्या देशाला मैद्याशिवाय पिटा होत नाही हे कोणी कळवलं नसावं.

आपल्या लोकवन गव्हाचं पीठ पाणी जास्त पितं. म्हणून ५०० ग्रॅमला ३३० ते ३५० मिली पाणी लागतं, आणि मळण्याआधी वीस मिनिटं नुसतं कालवून ठेवावं लागतं, म्हणजे कोंडा भिजतो आणि नंतर बोचत नाही. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असेल तर निवू द्या, नाहीतर उन्हाळ्यात तेवढ्यानेच आंबण्याचा वेग वाढतो. पहिल्या दोन-तीन वेळा निम्मी कणीक निम्मा मैदा घ्या, हात बसला की मैदा कमी करत जा. आणि मांड्यांसाठी आपल्या आज्या काय करायच्या? गहू ओलवून दळायच्या, पीठ वस्त्रगाळ करायच्या, मग ते मऊसूत तिंबून ठेवून द्यायच्या. कोंडा काढलेलं, ताण आलेलं पीठ हाताच्या कोपरापर्यंत पसरतं, फाटत नाही. आपल्या गव्हाला ताण नाही म्हणणाऱ्याने एकदा खापरावरचा मांडा होताना पाहावा.

दही-सोडा. होतो, आणि फुगतोही, कारण फुगवणारी वाफ तीच. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, कणीक थोडी हलकी होते. अचानक पाहुणे आले तर मीही करते. पण त्याला यीस्टचा वास आणि चव नाही, आणि सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव लागते. तेव्हा 'एकच गोष्ट' नाही. तव्यावरचा नान म्हणा, माझी हरकत नाही.

एक गोष्ट मेसेजात नव्हती आणि असायला हवी होती. लाटलेल्या चकत्या भाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायच्या. लाटणं सगळीकडे सारखं फिरवायचं, एक बाजू जाड एक पातळ झाली की पातळ बाजू करपते आणि जाड बाजू फुगत नाही. घडी पडलेली, चुरगळलेली चकती पुन्हा उंडा करून लाटली तरी लगेच भाजू नका, ती आखडलेली असते. ५०० ग्रॅम पिठाच्या कणकेचे साधारण दहा उंडे होतात, ऐंशी ग्रॅमचा एक.

सोबत काय, हेही विचारतात. हुमूस, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांची चटणी, आहेच. आमच्याकडे जळगावच्या वांग्यांचं भरीत आत भरलं, कांद्याची पात आणि ठेचा घालून. तिकडे भाजलेल्या वांग्यात तिळाची पेस्ट घालून बाबा गनूश करतात, म्हणजे वांगं भाजून खाण्याची अक्कल त्यांनाही आहे. सासूबाईंचं मत विचाराल तर भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबरच. पिटा त्यांनी एकच खाल्ला, पण पूर्ण खाल्ला.

राहिलं चामडं. दुसऱ्या दिवशी पिटा कडक होतो हे खरं, पोळीही होते. पण लोक तो फ्रिजमध्ये ठेवतात आणि तिथेच घात होतो, कारण फ्रिजच्या गारव्यात स्टार्च लवकर घट्ट होतं. गरम असतानाच कापडात गुंडाळून दुरडीत ठेवा, संध्याकाळपर्यंत मऊ राहतो. जास्तीचे असतील तर सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना पाण्याचा हबका मारून तव्यावर गरम करा. लेबनॉनमध्ये शिळ्या पिटाचे तुकडे कुरकुरीत करून फत्तूश नावाच्या कोशिंबिरीत घालतात. आमच्याकडे उरलेल्या चारांचा कुस्करा झाला, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर घालून. मुलांनी तो संपवला आणि विचारलं, आता पुन्हा शिळा कधी करणार?