उंदराला आधी अर्क, मग विष

यकृतासाठीच्या वनौषधींवरचा तुमचा लेख माहितीपूर्ण आहे, पण कुटकी, हळद आणि मिल्क थिसल या वनस्पती 'यकृताच्या पेशींना ऑक्सिडेटिव्ह ताणापासून' (म्हणजे पेशीतल्या घातक ऑक्सिजन-रेणूंच्या माऱ्यापासून) 'वाचवतात' हे त्यातलं विधान घाईचं वाटलं. अशा दाव्यांमागच्या बऱ्याच प्रयोगांत उंदराला आधी वनस्पतीचा अर्क देतात आणि मग यकृताला इजा करणारा पॅरासिटामॉलचा मोठा डोस. पेशंट मात्र उलट्या क्रमाने येतो, आधी विष, मग उपचार!

पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो, त्याला पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य निकामी करतं. डोस फार झाला की हा साठा संपतो, विष मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) प्रथिनांना चिकटतं आणि पेशी मरते. यावर हॉस्पिटलमध्ये देतात ते एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे ग्लुटाथायोनचा कच्चा माल. सिद्ध झालेला उपाय हा आहे, काढा नव्हे.

मिल्क थिसलमधलं सिलिबिनिन युरोपात डेथ कॅप या विषारी अळंबीच्या बाधेवर शिरेतून देतात, हे खरं. पण तिथे त्याचा भर विष पेशीत शिरू न देण्यावर असतो.

आणि हळद? भाजीतली वेगळी, मिरीतलं पायपरीन घालून शोषण वाढवलेली कॅप्सूल वेगळी. 2019 मध्ये इटलीत हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची प्रकरणं आढळली होती. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटबद्दल तसंच लिहिलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादाचा लेखात उल्लेखही नाही, हे खटकलं.