सरकारी कावळा

आई, बायको आणि मी लंडनला बहिणीकडे जाऊन पाच दिवस झाले होते. सहाव्या दिवसाची टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्याची तिकिटं बहिणीने आधीच काढून ठेवली होती. ती स्वतः बारा वर्षं लंडनमध्ये आहे आणि टॉवर तिने बाहेरूनच पाहिलाय. त्यात नवल नाही, मी पुण्यात जन्मलो आणि शनिवारवाडा शेवटचा पाहिला तो चौथीच्या सहलीत.

आदल्या रात्री आईने बॅगेतून कालनिर्णय काढलं. जगाच्या पाठीवर कुठेही निघाली तरी पासपोर्टच्या आधी ती ते भरते. दोन मिनिटं बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "उद्या द्वादशी. ह्यांची तिथी."

सकाळी सहाला बहिणीच्या स्वयंपाकघरात उडदाचे वडे आणि तांदळाची खीर झाली. घास मागच्या अंगणात कुंपणावर ठेवला. आम्ही चौघं काचेच्या दाराआड उभे. पहिल्यांदा आलं कबूतर. मग एक खार आली, तिने वडा दोन्ही हातांत धरून हुंगला आणि घेऊन पसार झाली.

"झालं," मी म्हटलं. "जेवायला बसू."

"खार चालत नाही," आई म्हणाली. "कावळा शिवल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावायचा नाही."

"आई, टॉवरला कावळे आहेत," बहीण म्हणाली. सुटका करायला म्हणून बोलली, पण त्या एका वाक्याने तिने आमचा नाश्ता घालवला. आईने वडे-खीर डब्यात भरली आणि बहीण ऑफिसला गेली. तिथे तिने काय खाल्लं ते मी विचारलेलं नाही.

कावळे आहेत हे मात्र खरं. डोमकावळे, आपल्या कावळ्याच्या दीडपट, काळेकुळकुळीत, आणि चक्क सरकारी. टॉवरमध्ये किमान सहा डोमकावळे हवेतच, ते उडून गेले तर किल्ला पडेल आणि राज्यही बुडेल, अशी तिथली समजूत. म्हणून एकदोन जास्तीचेच ठेवतात आणि पंखांची पिसं थोडी कातरतात. त्यांची निगा राखायला वेगळा अधिकारी असतो. 1986 साली जॉर्ज नावाच्या डोमकावळ्याला टीव्हीचे अँटेना कुरतडल्याबद्दल नोकरीतून काढून वेल्सच्या प्राणिसंग्रहालयात धाडलं होतं. सरकारी नोकरीतून काढलेलं कुणी मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

टॉवर हिल स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि पोटात कावळे ओरडायला लागले होते, फक्त ते शिवायच्या कामाचे नव्हते. दारात पिशव्या तपासत होते. तिथल्या माणसाने डबा उघडून वड्याकडे बराच वेळ पाहिलं. मधलं भोक पाहून त्याला बहुधा डोनट वाटला. "फॉर माय फादर," मी म्हटलं. त्याने माझ्या मागे पाहिलं. मागे फक्त आई आणि बायको होत्या. त्याने डबा नीट बंद करून परत दिला.

आत बीफईटर, म्हणजे किल्ल्याचे पहारेकरी, माहिती सांगत हिंडवतात. बीफईटर व्हायला सैन्यात निदान 22 वर्षं काढावी लागतात, आणि मग बायकापोरांसह किल्ल्यातच राहायला मिळतं. आमचा बीफईटर फार रंगून सांगत होता. 1536 मध्ये अॅन बोलिन राणीचं डोकं उडवलं ते कुऱ्हाडीने नाही, तलवारीने, आणि त्यासाठी तलवारबाज मुद्दाम फ्रान्समधून मागवला होता. मी आईसाठी भाषांतर करत होतो. "राजाला बायका किती?" तिने विचारलं. सहा म्हटल्यावर तिने पुढचं ऐकायचं सोडून दिलं आणि आभाळाकडे कावळे शोधू लागली.

मला मात्र एकच गोष्ट लक्षात राहिली. 1252 साली नॉर्वेच्या राजाने इंग्लंडच्या राजाला पांढरं अस्वल भेट दिलं. ते याच किल्ल्यात ठेवलं होतं आणि त्याला लांब दोराला बांधून टेम्समध्ये मासे पकडायला सोडत. म्हणजे त्याचं तरी जेवण वेळेवर होत होतं.

राजघराण्याचे मुकुट याच किल्ल्यात आहेत आणि त्यांत कोहिनूर. तो बघितल्याशिवाय हलायचं नव्हतं, कारण ती बाबांची इस्टेट. चाळीस वर्षं घरात काहीही कमी पडलं की बाबा म्हणत, "कोहिनूर नेला ना इंग्रजांनी!" रेशनची साखर संपली तरी कोहिनूर. आता त्यांच्या तिथीला त्यांच्या वतीने आई तपासणीला आली होती. रांग पाऊण तासाची. आणि गाभाऱ्यात पोचल्यावर कळलं की मुकुटांसमोर उभंच राहायचं नाही. जमिनीत सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहायचं आणि तो तुम्हाला पुढे नेतो. "चला, चला" म्हणून ढकलणारा माणूससुद्धा त्यांनी वाचवलाय. फोटो काढायला बंदी.

पहिल्या फेरीत आईने एका भल्यामोठ्या हिऱ्याला मनोभावे हात जोडले. तो निघाला दक्षिण आफ्रिकेतला कलिनन, 530 कॅरेटचा. दुसऱ्या फेरीत समोरच्या बाईच्या टोपीमुळे काहीच दिसलं नाही. तिसऱ्या फेरीत मी ओरडलो, "तो बघ, जांभळ्या मखमलीवरचा, पुढचा!" आईने मान वळवली, पट्टा पुढे गेला.

"एवढासाच?"

मग बाहेर येऊन मी सांगितलं. 1849 मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा तिथल्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तो व्हिक्टोरिया राणीसाठी लिहून घेतला. तेव्हा 186 कॅरेटचा होता. इथे आणल्यावर चमकत नाही म्हणून 1852 मध्ये पुन्हा पैलू पाडले, उरला साधारण 105.

"एक्क्याऐंशीची घट?" आई रस्त्यातच थांबली. "आपला सोनार एवढी घट धरेल तर त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही मी." राणीने तो घेतला यापेक्षा घट धरून घेतला याचाच तिला जास्त राग आला होता.

दोन वाजले. हिरवळीशेजारच्या कठड्यावर एक डोमकावळा बसला होता. शेजारीच पाटी, खायला घालू नका, चावतात. आईने पाटीकडे पाठ केली, डबा उघडला आणि वडा पुढे केला. कावळ्याने मान तिरकी केली. वड्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा वड्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

"काहीतरी राहिलंय ह्यांचं," आई हळूच म्हणाली. "मनात काय असेल ते बोला हो. धाकटीच्या मुलीचं मी बघेन." कावळा ढिम्म.

तेवढ्यात बीफईटर आला. त्याने नम्रपणे सांगितलं की यांचं जेवण ठरलेलं असतं, कच्चं मांस आणि रक्तात भिजवलेली बिस्किटं. मी भाषांतर केलं ते फक्त 'बिस्किटं' एवढंच.

आता मला कबूल केलं पाहिजे. मी बाथरूमला जातो म्हणून सटकलो, खाऱ्या वेफर्सचं पाकीट घेतलं आणि भिंतीआड उभा राहून फोडलं. पहिला वेफर ओठाला लागला असेल नसेल, तोच खांद्यावरून काहीतरी काळं झपकन आलं आणि पाकीट गेलं. डोमकावळ्याने ते गवतावर आपटलं, पायाखाली दाबलं आणि एकेक वेफर चोचीने काढून खायला लागला.

मी वळलो तर मागे आई उभी. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. दोन्ही हात जोडलेले.

"शिवला," ती म्हणाली. "शेवटची दोन वर्षं डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं रे. लपून खायचे."

वडे आम्ही टेम्सच्या काठी बाकावर बसून खाल्ले. गार झाले होते. खीर पिशवीत सांडली होती.