१४४ हर्ट्झच्या मॉनिटरने जुनं कार्ड जळत नाही

सध्या आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या पीसीला १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावू नका, लोड येऊन कार्ड जळतं. डोळ्याला तसंही ६० च्या वर दिसत नाही. घ्यायचाच तर सरळ २७ इंची फोर-के घ्या, पुढे कामी येईल.’ (कार्ड म्हणजे पीसीतलं ग्राफिक्स कार्ड, स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं.) आमच्या शेजारचा पोरगा हे वाचून मॉनिटरचे पैसे नव्या कार्डासाठी साठवत बसला आणि उभ्या रेघा पडलेल्या स्क्रीनवर खेळत राहिला. म्हणून लिहितोय, राजेहो.

आधी लोडचं. १४४ हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो, एवढंच. कार्ड सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० चित्रं, काढत असेल तर ५०च दिसतील. मॉनिटर कार्डाला जुंपत नाही. व्ही-सिंकने (कार्डाच्या फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणाऱ्या सेटिंगने) ६० वर रोखलेलं कार्ड आता जास्त राबेल, हे खरं. पण राबणं म्हणजे जळणं नव्हे. फार तापलं तर कार्ड स्वतःच वेग उतरवतं, आणि गेममध्ये फ्रेमची मर्यादा तुम्हीही घालू शकता. नागपूरच्या मे महिन्यात काळजी करायचीच तर कार्डाच्या फॅनवर साचलेल्या धुळीची करा.

कार्डाचा खरा घाम पिक्सेल काढतात. फुल एचडीत २०,७३,६०० पिक्सेल, फोर-केत ८२,९४,४००. बरोबर चौपट! म्हणजे लोडची भीती घालणारा मेसेजच सगळ्यात जड मॉनिटर घ्यायला सांगतो. जुन्या कार्डाला २४ इंची फुल एचडीच घ्या. २७ इंचावर तेवढेच पिक्सेल ताणले जातात, अक्षरं भरड दिसतात.

‘६० च्या वर दिसत नाही’ हे तर दुकानातच तपासता येतं. ६० ला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९. माऊसचा बाण भरभर गोल फिरवा. ६० वर तो तुटक ठिपक्यांसारखा पळतो, १४४ वर ठिपके जवळ येतात.

पोराकडे २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आहे. व्हॅलोरंट या गेममध्ये १४४ हून जास्त फ्रेमसाठी, तो बनवणाऱ्या रायट कंपनीने स्वतः सुचवलेलं कार्ड हेच. नव्या भारी गेममध्ये ते धापा टाकेल, तिथे १४४ चा फायदा थोडाच. पण तो रोज खेळतो व्हॅलोरंट.

मेसेजमध्ये जे यायला हवं होतं ते आलंच नाही: कॅबिनेटच्या मागे वाकून पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल लागते ती जागा, बघा. एचडीएमआय १.४ असेल तर फुल एचडीत १२० हर्ट्झवर थांबावं लागू शकतं. डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच वापरा. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून जीटीएक्स १० मालिकेच्या आणि तिच्या पुढच्या कार्डांना ॲडॅप्टिव्ह-सिंकचे (कार्डाच्या फ्रेमप्रमाणे आपला वेग बदलणारे) मॉनिटर चालवू दिले, ते डिस्प्लेपोर्टवरूनच. फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी चित्र फाटत नाही.

शेवटी आम्ही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन २४ इंची आणला. घरी लावला तर काहीच फरक नाही. पोराचं तोंड उतरलं, ‘काका, मेसेज खरा होता का?’ विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत गेलो, तिथे अजून ६० च होतं. १४४ केलं. त्याने बाण एकदा गोल फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि आईला हाक मारली.