मान्यता द्यावी किंवा कसे

कार्यालयाला एक स्कॅनर हवा आहे. हे तुम्हाला कळलंय, तुमच्या साहेबांना कळलंय, आणि आवक-जावक टेबलावरच्या बाईंना तर तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. आता केवळ एवढ्यावर तुम्ही स्कॅनर आणायला निघाला असाल, तर सरकारी खरेदीत तुम्ही अजून कच्चे आहात. बसा. दोन गोष्टी सांगतो.

सगळ्यांत आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. मान्यता ही वस्तू मिळावी म्हणून घ्यायची नसते. उद्या लेखापरीक्षक येणार आणि ‘हे ठरवलं कोणी?’ असं विचारणार. त्या प्रश्नाचं उत्तर त्याला सापडू नये, यासाठी मान्यता घ्यायची असते. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

सुरुवात टिप्पणीपासून, म्हणजे प्रस्ताव मांडणाऱ्या कागदापासून. टिप्पणीत कर्ता शिरला की घात झालाच म्हणून समजा. ‘मला स्कॅनर आवश्यक वाटतो’ असं लिहून गेलेली माणसं निवृत्तीनंतरही खुलासे लिहीत बसलेली मी पाहिली आहेत. लिहायचं असं: ‘स्कॅनरची आवश्यकता असल्याचे दिसून येते.’ कोणाला दिसून येते, हे विचारायची पद्धत नाही. आणि शेवटी ते ब्रह्मास्त्र: ‘सबब, प्रस्तावास मान्यता द्यावी किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर.’ या ‘किंवा कसे’वर माझा फार जीव आहे. मान्यता मिळाली तर ती तुम्हीच सुचवली होती. नाकारली गेली तर शंकाही तुम्हीच काढली होती. दोन शब्दांत माणूस नदी ओलांडतो आणि अलीकडेही राहतो, पाय मात्र कोरडे.

आता सह्या. पुस्तकात असं दिलेलं असतं की खरेदीत मोजकेच प्रश्न विचारायचे असतात. गरज खरी आहे का, पैसा आहे का, वस्तूचा तपशील कोणा एकाच विक्रेत्याच्या सोयीचा नाही ना, खरेदीची पद्धत बरोबर आहे का, आणि निवडलेल्याला काम द्यावं का. प्रश्न पाच, आणि प्रत्येकाला जबाबदार एकेक माणूस. हे वाचा आणि विसरा. पाचच माणसं असली तर कोणी काय तपासलं ते लगेच कळतं. तुम्हाला अकरा सह्या हव्यात. पहिला सही करतो, कारण वर दहा जण तपासणारच आहेत. अकरावा करतो, कारण खालच्या दहा जणांनी तपासलंच असणार. मधले नऊ करतात, कारण नस्ती, म्हणजे फाइल, टेबलावर आली आणि जेवायची वेळ झाली होती. अकरा सह्यांची नस्ती कोणीही न वाचता पूर्ण होऊ शकते. पाच सह्यांच्या नस्तीत मात्र एखादा तरी वाचतोच, आणि मग पंचाईत होते.

नस्ती तुमच्याकडे वरून खाली किंवा खालून वर येईल तेव्हा काय करायचं, हेही शिकून घ्या. महाराष्ट्रात २००५चा एक कायदा आहे, लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलंय. घाबरायचं कारण नाही. दिवस मोजले जातात ते टेबलावरचे, येरझाऱ्यांचे नव्हेत. सातव्या दिवशी एक प्रश्न लिहा आणि खाली पाठवा. प्रश्न एकेकच विचारावा. सगळे एकदम विचारले तर सगळ्यांची उत्तरं एकदम येतात आणि मग सही करावी लागते. पहिल्या फेरीत विचारा, जुना स्कॅनर निर्लेखित केला का, म्हणजे नोंदीतून काढून टाकला का? दुसऱ्या फेरीत, जुना स्कॅनर नव्हताच तर तसा दाखला जोडला का? तिसऱ्या फेरीत काही सुचलं नाही तर ‘चर्चा करावी’ लिहा. चर्चा कोणाशी, कधी आणि कशावर, हे ठरवण्यासाठी वेगळी चर्चा करावी लागते, त्यात महिना जातो.

अभिप्राय हा तर स्वतंत्र आनंदाचा विषय. तरतूद उपलब्ध आहे का, हे विचारायला नस्ती वित्त शाखेकडे पाठवा. उत्तर येईल: ‘तरतूद उपलब्ध असल्यास हरकत नाही.’ अमुक पद्धत नियमात बसते का, हे विधी शाखेला विचारा. ती लिहील: ‘प्रचलित नियमांनुसार उचित कार्यवाही करावी.’ तांत्रिक शाखा म्हणेल, ‘वापरकर्त्या शाखेने आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा.’ तिन्ही शाखांनी नस्ती पाहिली, तिघांच्या सह्या आहेत, आणि माहिती तसूभर वाढली नाही. इतकं निर्मळ काम दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात होतं?

ज्यांना एवढा प्रवास सोसत नाही, त्यांच्यासाठी आडवाटा आहेत. प्रत्येक अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने किती खर्च करावा, याची मर्यादा असते. ती ओलांडली की निविदा, समिती आणि वरची सही मागे लागते. तेव्हा स्कॅनरचे तुकडे करा. यंत्र एका नस्तीवर, कागद ओढणारा ट्रे दुसऱ्या, बसवणी तिसऱ्या, आणि हमीची मुदतवाढ चौथ्या. भारत सरकारच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १५७वा नियम म्हणतो, वरची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे असे तुकडे करू नयेत. युरोपीय संघाच्या २०१४च्या सार्वजनिक खरेदीच्या निर्देशातही खरेदी तोडून नियमांबाहेर नेऊ नये, असं कलम आहे. इतक्या लांबलांबच्या शहाण्यांना तेच वाक्य लिहावंसं वाटलं, त्या अर्थी युक्ती चालत असणार. फक्त सगळी बिलं मर्यादेच्या केसभर खाली ठेवू नका. आकडे तपासणारे हल्ली आधी तिथेच पाहतात. मर्यादेच्या अलीकडे गर्दी आणि पलीकडे शुकशुकाट असला, की आलेखावर कडा तुटल्यासारखा दिसतो.

दुसरी आडवाट तपशिलाची. ‘मिनिटाला अमुक इतकी पानं स्कॅन व्हावीत’ असं लिहिलं तर दहा विक्रेते येतील. त्यापेक्षा वजन, राखाडीची नेमकी छटा आणि झाकण कोणत्या बाजूने उघडावं, हे लिहा. मग एकच येईल, आणि त्याला आधीच माहीत असेल. हा तपशील स्वतः लिहायचे कष्ट नकोत, तो विक्रेताच आनंदाने पाठवतो. मात्र नस्तीत जोडताना त्या फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून कोणाचं नाव आहे, ते एकदा बघून घ्या. निविदा समितीत हितसंबंध नसल्याच्या घोषणापत्रावर तुम्ही सही केलेली असते, आणि संगणकाला घोषणापत्र वाचता येत नाही.

हे काहीच जमलं नाही तरी हताश होऊ नका. आर्थिक वर्ष संपायचंच असतं. न खर्चलेला निधी परत जातो, या एका भयाने जे होतं, ते कोणत्याही आदेशाने होत नाही. त्याच २०१७च्या नियमांतला ६२वा नियम शेवटच्या महिन्यांतल्या खर्चाच्या घाईला वित्तीय औचित्याचा भंग मानतो, आणि दर वर्षी शेवटच्या महिन्यात सगळ्यांना तो आठवतो. अमेरिकेच्या संघीय सरकारच्या २००४ ते २००९च्या कंत्राटांचा अभ्यास झाला, तेव्हा वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या ४.९ पट निघाला. त्या आठवड्यात घेतलेल्या माहिती तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांचा दर्जाही हलका निघाला. म्हणजे हा काही आपल्याच मातीचा गुण नाही, मन लहान करू नका. तर त्या शेवटच्या दिवशी नस्तीवर लाल अक्षरात ‘तातडीचे’ लिहा आणि स्वतः हातात धरून फिरा. सात महिने न सुटलेले आक्षेप जिन्यावर विरघळतात. अकराच्या अकरा सह्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत होतात. याच सह्या होत्या, हेच लोक होते. (हा हिशोब फार खोलात जाऊन करू नये, त्रास होतो.)

मग तुम्ही विजयी मुद्रेने नस्ती घेऊन खरेदी शाखेत जाता. तिथला कारकून शेवटचं पान बघत नाही, आधी निविदा काढून बघतो. निविदेची वैधता ९० दिवस. ती मागच्याच आठवड्यात संपली. दर तेच ठेवून मुदत वाढवून द्या, अशी विनंती विक्रेत्याला करता येते, आणि त्याला नाही म्हणता येतं. तो नाही म्हणतो, कारण ते मॉडेल आता बनतच नाही. झाकण हल्ली उजवीकडे उघडतं.

तेव्हा फेरनिविदा. नवी नस्ती उघडा, जुनी संदर्भासाठी सोबत जोडा. २१४ पानं आहेत, झेरॉक्स काढावी लागेल. पहिलं वाक्य तयारच आहे: ‘स्कॅनरची आवश्यकता असल्याचे दिसून येते.’ आवक-जावकच्या बाई मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या, हे टिप्पणीत लिहू नका. लिहिलंत, तर पहिल्याच टेबलावर शेरा येईल: ‘पद रिक्त असताना यंत्र कोण हाताळणार? चर्चा करावी.’